स्वस्तातली मोठी हार्ड डिस्क बॅकअपसाठी घेताय? मग हे आधी वाचा

‘कुठल्या कंपनीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क टिकते?’ असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारतो, त्या डिस्कवर जे ठेवणार आहात, ते आणखी कुठे आहे? बहुतेक जण क्षणभर गप्प होतात. मग कळतं, लॅपटॉप भरलाय म्हणून दहा वर्षांचे फोटो तिकडे हलवायचे आहेत. कॉपी करायचे नाहीत, हलवायचे आहेत. म्हणजे घेतली बॅकअपची डिस्क आणि झाली ती एकुलती एक प्रत.

माझंही हेच झालं होतं. ४ टीबीची छोटी डिस्क घेतली, तिच्यावर ‘बॅकअप’ नावाचा फोल्डर केला आणि लॅपटॉपवर जागा लागेल तसे मूळ फोटो पुसत गेलो. दोन वर्षांनी एका संध्याकाळी डिस्क टक्‌-टक्‌ वाजायला लागली. डेटा परत मिळवून देणाऱ्यांकडे दिली, तेव्हा निम्म्याच्या आसपास हाती आलं. आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज गेलेल्या निम्म्यात होती. डिस्क स्वस्त होती म्हणून हे झालं असं मला बरेच दिवस वाटत होतं. तसं नव्हतं. महागडी डिस्कसुद्धा त्या संध्याकाळी बंद पडू शकली असती, आणि तिच्यावरही मी एकच प्रत ठेवली असती.

म्हणून या लेखात ‘अमुक घ्या, तमुक घेऊ नका’ अशी यादी मिळणार नाही. स्वस्तातली मोठी डिस्क बॅकअपला चालते, उत्तम चालते. फक्त ती कधीही जाईल हे धरून सगळी मांडणी करावी लागते.

किती डिस्क जातात?

फिरत्या हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या आता जगात तीनच उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर नाव कुठलंही छापलेलं असो, आतली डिस्क या तिघींपैकीच एकीची असते. बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअप कंपनी आपल्याकडच्या डिस्कचा हिशेब २०१३ पासून जाहीर करत आली आहे. तिच्याकडे वर्षभरात निकामी झालेल्या डिस्कचं प्रमाण २०२१ साली १.०१ टक्के, २०२२ साली १.३७ टक्के आणि २०२३ साली १.४० टक्के होतं. वर्षाला १.४ धरले, तर पाच वर्षांत शंभरातल्या साधारण सात डिस्क जातात.

पण या डिस्क रॅकमध्ये घट्ट बसवलेल्या असतात, त्यांना सतत थंड हवा मिळते, त्यांना कुणी हात लावत नाही. घरातली डिस्क टेबलावरून पडते, तिच्या केबलीत पाय अडकतो, ती चालू असतानाच कुणीतरी बॅगेत टाकतं. तेव्हा शंभरात सात हा आकडा कमीत कमी म्हणून धरा. शिवाय एकाच कंपनीच्या दोन मॉडेल्समध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडतो. बॅकब्लेझकडे सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल फार वाईट ठरलं होतं, त्याच कंपनीचं ४ टीबीचं मॉडेल त्या मानाने कितीतरी चांगलं निघालं. आणि मॉडेल चांगलं की वाईट हे कळायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर ते दुकानातून गेलेलंही असतं.

माहितीपत्रकात ‘एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १० लाख तास’ असं लिहिलेलं दिसेल. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं. एक डिस्क तेवढी टिकेल असा त्याचा अर्थ नाही. हजारो डिस्क एकत्र चालवल्या तर वर्षाला शेकडा ०.९ जातील, एवढंच ते सांगतं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ साली सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणं सर्रास आढळलं, काही ठिकाणी तर १३ टक्क्यांपर्यंत.

आधी वही काढा

खरेदीआधी एक काम करा. तुमच्याकडच्या डेटाचे दोन ढीग करा. पहिल्यात पुन्हा कधीच न मिळणाऱ्या गोष्टी : फोटो, व्हिडिओ, स्वतः लिहिलेलं, हिशेब, स्कॅन केलेली कागदपत्रं. दुसऱ्यात पुन्हा उतरवून घेता येणाऱ्या : चित्रपट, गेम, सॉफ्टवेअर. पहिला ढीग बहुतेक घरांत वाटतो त्याहून खूप लहान निघतो, पुष्कळदा १ टीबीच्या आत. म्हणजे १६ टीबीची एक डिस्क घेण्याऐवजी ४ टीबीच्या दोन घेणं तुमच्यासाठी जास्त शहाणपणाचं असू शकतं. मोठी डिस्क प्रत्येक टीबीमागे स्वस्त पडते हे खरं, पण दुसरी डिस्क घेण्याचे पैसे तीच खाऊन टाकते.

क्षमता ठरवताना पहिल्या ढिगाच्या दुप्पट ते तिप्पट धरा, कारण फायलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या आहेत. आणि ८ टीबीची डिस्क विंडोज ७.२७ टीबी दाखवते म्हणून दचकू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. डिस्क तीच.

खोक्यात नेमकं काय असतं

एक्स्टर्नल डिस्कचे दोन प्रकार. तळहातावर मावणारी २.५ इंची डिस्क यूएसबीवरच चालते. जाड पुस्तकाएवढ्या ३.५ इंचीला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॉप्टर लागतो. सोबत न्यायची असेल तर लहान, एका जागी ठेवायची असेल तर मोठी. ८ टीबी किंवा त्याहून जास्त हवं असेल तर फिरत्या डिस्कमध्ये मोठीच घ्यावी लागते.

लहान डिस्कला वीज पुरेशी मिळते का, ते बघा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीॲम्पिअर देतो, ३.० पोर्ट ९००. स्वस्त हबवर एका वेळी तीन वस्तू लावल्या की डिस्क मध्येच डिस्कनेक्ट होते, कधी टिकटिकतेही, आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला, तिच्यासोबत आलेल्या आखूड केबलनेच लावा. मोठ्या डिस्कच्या ॲडॉप्टरवर आजच नाव लिहून चिकटवा. घरात तशाच पिनचे पाच ॲडॉप्टर असतात, त्यातला जास्त व्होल्टचा एखादा लागला तर डिस्कचा बोर्ड जळतो.

आता कौलांबद्दल बोलू. डिस्कच्या तबकडीवर डेटा गोल-गोल पट्ट्यांत लिहिला जातो. जुन्या पद्धतीत, म्हणजे सीएमआरमध्ये, या पट्ट्या शेजारी-शेजारी पण सुट्या असतात. एसएमआर पद्धतीत त्या छपरावरच्या कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या चढवतात. तेवढ्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो, म्हणून डिस्क स्वस्त पडते. पण कौलारू छपरातलं मधलं एक कौल बदलायचं तर वरची काढावी लागतात. इथेही तसंच : जुन्या डेटाच्या मधोमध नवं लिहायचं, तर शेजारचा सगळा पट्टा वाचून पुन्हा लिहावा लागतो. हे काम लपवण्यासाठी डिस्क आधी सगळं एका वेगळ्या राखीव भागात उतरवून घेते आणि निवांतपणी जागच्या जागी लावते. राखीव भाग भरला की वेग कोसळतो. सेकंदाला १००-१५० एमबीने चाललेली कॉपी वीस-तीसवर येते. ती डिस्क बिघडलेली नसते, कौलं उचलत असते.

हल्ली २ टीबी आणि त्यापुढच्या २.५ इंची डिस्क जवळजवळ सगळ्या कौलारू असतात. ३.५ इंचीत ८ टीबीपर्यंत काही कौलारू, काही नाहीत. घरगुती वापराच्या त्याहून मोठ्या बहुतेक साध्या. खोक्यावर हे सहसा लिहिलेलं नसतं. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला कबूल करावं लागलं की नॅससाठी, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीसाठी, म्हणून विकलेल्या तिच्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या. रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठवणीत, तशी डिस्क खरोखरच अडचणीची ठरते, कारण एक डिस्क बदलल्यावर सगळा डेटा नव्या डिस्कवर सलग उतरवावा लागतो. आठवड्यातून एकदा नव्या फायली जमा करायच्या असतील, तर एसएमआर डिस्कवर माझा काहीच आक्षेप नाही. कॉपी संपल्यावर ती तासभर जोडलेली राहू द्या म्हणजे झालं.

डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये एक छोटा बोर्ड असतो. कित्येकदा डिस्क ठणठणीत असते आणि हा बोर्ड जातो. तसं झालं तर आतली डिस्क काढून दुसऱ्या खोक्यात घालता येते. मात्र दोन अपवाद आहेत. काही लहान डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट डिस्कच्या स्वतःच्याच बोर्डावर असतो, आत डिस्क जोडायची नेहमीची साटा पिन नसतेच. आणि काही मॉडेल्सचा बोर्ड डेटा स्वतःहून एन्क्रिप्ट करतो, म्हणजे कुलूपबंद करतो, तुम्ही पासवर्ड लावलेला नसला तरीही. मग डिस्क बाहेर काढून दुसरीकडे लावली तर नुसता कचरा दिसतो. विकत घेताना मॉडेलचं नाव आणि ‘आतली डिस्क’ असं शोधून बघा, कुणीतरी ती उघडलेली असते.

स्वस्त डिस्क स्वस्त का असते, याचं उत्तर साधारणपणे कमी वॉरंटी आणि कमी कामाची हमी असं आहे. घरगुती वापराच्या कित्येक डिस्कच्या माहितीपत्रकात वर्षाला २४०० तास आणि ५५ टीबी वाचन-लेखन एवढी मर्यादा दिलेली असते. सर्व्हरसाठी ती अपुरी आहे. आठवड्याला दोन तास चालणाऱ्या बॅकअपच्या डिस्कचे वर्षाला जेमतेम शंभर तास होतात.

खोटी डिस्क ओळखा

काडेपेटीहून थोडी मोठी, अगदी किरकोळ किमतीची, वर ‘१६ टीबी’ छापलेली. असल्या डब्यात बहुधा एक छोटं मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं आणि आतली चिप क्षमतेबद्दल खोटं बोलते. खरी जागा भरली की पुढचा डेटा आधीच्यावर लिहिला जातो किंवा हवेत विरतो. फायलींची नावं मात्र यादीत दिसत राहतात, म्हणून कित्येक महिने फसवणूक लक्षात येत नाही. एक मोजमाप लक्षात ठेवा : २.५ इंची एक्स्टर्नल हार्ड डिस्क अनेक वर्षं ५ टीबीवर थांबली होती, २०२४ मध्ये ती ६ टीबीवर गेली. तळहातावर मावणारी फिरती डिस्क १६ टीबी म्हणत असेल तर ती खोटीच.

दुसरी फसवणूक वापरलेली डिस्क नवी म्हणून विकण्याची. २०२५ च्या सुरुवातीला हे मोठ्या प्रमाणावर उघडकीला आलं. सीगेटच्या डिस्कमधली चाललेल्या तासांची नेहमीची नोंद पुसून शून्यावर आणली होती, पण फार्म नावाची दुसरी आतली नोंद शिल्लक राहिली आणि तिच्यात हजारो तास निघाले. खोकं हातात आल्याबरोबर सीरिअल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसली किंवा नंबर सापडलाच नाही, तर डिस्क परत करा.

पहिला आठवडा परीक्षेचा

सगळ्या कामांत हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. नव्या डिस्कवर पहिल्याच दिवशी फोटो टाकू नका. डिस्क परत करण्याची मुदत चालू आहे तोवर तिला पुरती दमवा.

आधी डिस्कची अंतर्गत नोंद, म्हणजे स्मार्ट, बघा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टसीटीएल, मॅकवर ड्राइव्हडीएक्स. यूएसबीतून नोंद दिसत नसेल, तर स्मार्टसीटीएलला ‘साट’ प्रकारची डिस्क आहे असं सांगावं लागतं, मॅकवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. चालू तास शून्य किंवा एक-दोन असायला हवेत. या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग संपूर्ण डिस्क लिहून, वाचून तपासा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफथ्री. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही डिस्क भरेपर्यंत फायली लिहितात आणि मग त्या जशाच्या तशा वाचता येतात का ते बघतात. खोटी क्षमता इथे हमखास पकडली जाते. लिनक्सवाल्यांकडे बॅडब्लॉक्सही आहे, पण त्याची लिहिण्याची चाचणी डिस्कवरचं सगळं पुसते. डिस्कचं नाव टाइप करताना तीनदा वाचा. मोठ्या डिस्कसाठी त्याला ब्लॉकचा आकार ४०९६ द्यावा लागतो, नाहीतर ते सुरूच होत नाही.

वेळ किती लागेल? ८ टीबी डिस्क, सरासरी वेग सेकंदाला १५० एमबी धरला तर एकदा लिहायला जवळपास १५ तास आणि वाचायला तेवढेच. म्हणजे सव्वा दिवस. बॅडब्लॉक्स नेहमीच्या पद्धतीने चार वेगवेगळे नमुने लिहून वाचतं, त्याला पाच दिवस लागतील. एक नमुना पुरेसा आहे. एसएमआर डिस्कवरही हे लिखाण सलग असतं, त्यामुळे फार रडत नाही. एवढं करा की कॉम्प्युटर मध्येच झोपी जाणार नाही अशी सेटिंग लावा आणि डिस्क मोकळ्या हवेत ठेवा. ३.५ इंची डब्यात पंखा नसतो. तापमान ५० अंशांच्या वर जायला लागलं तर डबा उभा करा, समोर टेबल फॅन लावा. डिस्कची स्वतःची कमाल मर्यादा साधारण ६० अंश असते, तिथवर पोचू देऊ नका.

चाचणी संपली की स्मार्ट पुन्हा बघा आणि जुन्या स्क्रीनशॉटशी ताडून बघा. नजर तीन ओळींवर ठेवायची. क्रमांक ५ म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे. १९७ म्हणजे संशयास्पद, अजून निकाल न लागलेले सेक्टर. १९८ म्हणजे वाचताच न आलेले. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये याच ओळी ०५, सी५ आणि सी६ अशा दिसतात. शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडा महत्त्वाचा. नव्या डिस्कवर या तिन्हींपैकी एकही शून्याच्या वर असेल तर ‘एकच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका, परत करा. क्रमांक १९९ वाढला तर मात्र दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदलून पुन्हा चालवा.

शेवटी डिस्क स्वतःच स्वतःला तपासते ती लांबची सेल्फ टेस्ट लावा आणि रात्रभर चालू द्या. डबा झोपी गेला तर ती अर्धवट थांबते, तेव्हा सकाळी निकाल ‘पूर्ण, दोष नाही’ असाच आहे ना, ते बघा.

फॉरमॅट आणि कुलूप

फक्त विंडोजवर वापरणार असाल तर एनटीएफएस, लिनक्सवर ईएक्सटी४, मॅकवर टाइम मशीन स्वतःच विचारून ॲपलच्या पद्धतीने फॉरमॅट करेल. सगळीकडे चालते म्हणून लोक एक्सफॅट निवडतात. बॅकअपसाठी मी ते टाळतो. त्यात जर्नल नसतं, म्हणजे लिहिता-लिहिता केबल निसटली तर काय अर्धवट राहिलं याची नोंद उरत नाही, आणि कधी कधी अख्खा फोल्डर हरवतो.

घराबाहेर ठेवायची डिस्क एन्क्रिप्ट करा : विंडोजवर बिटलॉकर, फाइलव्हॉल्टच्या जातीचं मॅकचं कुलूप, लिनक्सवर लक्स किंवा सगळीकडे चालणारं व्हेराक्रिप्ट. पासवर्ड आणि रिकव्हरी की कागदावर लिहून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. घरातल्या आणखी एका माणसाला तो कागद कुठे आहे ते सांगून ठेवा. तुम्ही आजारी असताना कुटुंबाला तो डेटा लागू शकतो.

कॉपी, आणि कॉपीची खात्री

माउसने ओढून टाकणं हा बॅकअप नव्हे, कारण मध्ये काय राहिलं ते कळत नाही. आरसिंक, रोबोकॉपी, फ्रीफाइलसिंक, रेस्टिक, टाइम मशीन, फाइल हिस्टरी या प्रोग्रॅमपैकी एक निवडा आणि त्यालाच धरून राहा.

निवडताना एक फरक समजून घ्या. आरसा धरणारी पद्धत, म्हणजे मिरर, दोन्हीकडे सगळं एकसारखं ठेवते. लॅपटॉपवर चुकून फोल्डर पुसला की पुढच्या वेळी तो डिस्कवरूनही इमानेइतबारे पुसला जातो. फाइल करप्ट झाली तर करप्ट फाइलच चांगल्या फायलीवर जाऊन बसते. आवृत्त्या ठेवणारी पद्धत जुन्या प्रती राखते, तीन महिन्यांपूर्वीची फाइलही मिळते. रेस्टिक, टाइम मशीन, फाइल हिस्टरी या आवृत्त्या ठेवणाऱ्या. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग इथे होतो. रिकाम्या जागेत चित्रपट भरण्यापेक्षा जुन्या आवृत्त्या राहू द्या.

फोटोंची एक प्रत मात्र मी साध्या फोल्डरमध्येच ठेवतो. कुठल्याही कॉम्प्युटरला लावली, उघडली, दिसली. सगळं एकाच अगडबंब फायलीत कोंबलं तर दोन-चार सेक्टर खराब झाले तरी ती अख्खी फाइल अडून बसू शकते. सुट्या फोटोंमध्ये दोन-चार फोटोच जातात.

कॉपी झाल्यावर पडताळणी करा. डिस्क सेफली रिमूव्ह करून काढा, पुन्हा लावा आणि मगच तपासा, कारण लगेच तपासलं तर कॉम्प्युटर डिस्कवरून न वाचता स्वतःच्या मेमरीतलंच वाचून ‘ठीक आहे’ म्हणू शकतो. आरसिंकला चेकसम, म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, तपासायला सांगता येतं, फ्रीफाइलसिंक दोन्हीकडचा मजकूर ताडून बघतं, रेस्टिकची स्वतःची तपासणी आहे. सगळ्या फायलींचे शा-२५६ हॅश (असेच ओळखीचे आकडे) काढून ती यादी डिस्कवर ठेवली तर आणखी चांगलं. पाच वर्षांनीही एकूण एक फाइल तीच आहे का, ते त्या यादीवरून कळतं. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्यं एवढे बिट वाचताना जास्तीत जास्त एखादी न सुधारता येणारी चूक, असं लिहिलेलं असतं. तेवढे बिट म्हणजे १२.५ टीबी. प्रत्यक्षात चुका याहून कमी होतात, पण १६ टीबीच्या डिस्कवर हा आकडा डोळ्याआड करण्यासारखा नाही.

दुसरी डिस्क कुठे ठेवाल?

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी. घरच्या घरी याचा अर्थ लॅपटॉपवर मूळ, एक डिस्क घरात, दुसरी नातेवाइकांकडे किंवा ऑफिसच्या कपाटात. दर दोन महिन्यांनी त्यांची अदलाबदल करा. जमेल तर पहिल्या ढिगातल्या अगदी मोजक्या गोष्टी क्लाउडवरही ठेवा.

वर्षाला १.४ टक्के हा दर धरला, तर दोन डिस्क एकाच वर्षी जाण्याची शक्यता दहा हजारांत दोन निघते. पण त्या खरोखर एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच. एकाच दिवशी घेतलेल्या एकाच बॅचच्या, एकाच कपाटात, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावलेल्या दोन डिस्क एकाच विजेच्या झटक्यात जातात. म्हणून दुसरी डिस्क दुसऱ्या कंपनीची घ्या, थोड्या दिवसांनी घ्या.

आणि बॅकअप झाला की केबल काढा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, पसरला, तेव्हा कॉम्प्युटरला जोडलेल्या एक्स्टर्नल डिस्कवरच्या फायलीही त्याने कुलूपबंद केल्या. कपाटात सुटी पडलेली डिस्क कुठल्याच रॅन्समवेअरला दिसत नाही.

तीन महिन्यांतून एकदा

कॅलेंडरमध्ये आठवण लावा. डिस्क जोडा, स्मार्टमधल्या त्या तीन ओळी बघा, थोडा जुना डेटा उघडून बघा. आकडा शून्यावरून एकवर गेला तरी मी ती डिस्क बदलायला काढतो. याला आधार आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात तपासणीमध्ये पहिला दोष सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. पण त्याच अभ्यासात गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टमध्ये कुठलाच इशारा दिला नव्हता. स्मार्ट लाल झालं तर पळा. हिरवं आहे म्हणून निर्धास्त मात्र राहू नका.

वर्षातून एकदा खरंखुरं रिस्टोअर करून बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, मूळ लॅपटॉपला हात न लावता, एक अख्खा फोल्डर परत आणा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमर्सचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धती होत्या, ऐन वेळी एकही नीट चालली नाही. योगायोगाने एका अभियंत्याने सुमारे सहा तास आधी हाताने एक प्रत घेऊन ठेवली होती, ती कामी आली. इतक्या जाणकार मंडळींचं असं होतं, तर वर्षातली एक दुपार आपणही द्यायला हरकत नाही.

डिस्क हलवताना आधी पूर्ण थांबू द्या. बंद केल्यावर अर्ध्या मिनिटाने उचला. थंड जागेतून उबदार खोलीत आणली तर तासभर तशीच ठेवा, आत दव धरलेलं असू शकतं. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला एसएसडीपेक्षा, म्हणजे फिरते भाग नसलेल्या चिपवरच्या डिस्कपेक्षा, फिरती डिस्क बरी. पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंशांत एक वर्ष डेटा धरावा, एवढीच जेडेक या चिप-उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे.

आवाज आला तर

टक्‌-टक्‌, घासल्यासारखा आवाज, किंवा फोल्डर उघडायला मिनिटभर लागणं. अशा वेळी हात आवरणं अवघड असतं, पण आवरा. आवाज येत असेल तर लगेच वीज बंद करा, कारण तबकडीला घासणारा हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, प्रत्येक फेऱ्यात डेटा खरवडत असतो. विंडोजचं दुरुस्तीचं चेकडिस्क चालवू नका, ते मेलेल्या डिस्कवर लिहायला जातं. फ्रीझरमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. आवाज नसेल आणि नुसतं वाचणं मंदावलं असेल, तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने आधी अख्ख्या डिस्कची प्रत दुसरीवर घ्या आणि जे काही दुरुस्त करायचं ते त्या प्रतीवर करा. दुसरी प्रत हाताशी असेल, तर यातलं काहीच करायची गरज नाही. नवी डिस्क घ्या, आठवडाभर तपासा आणि जिवंत प्रतीवरून तिच्यावर उतरवा.

वॉरंटीत मिळते ती दुसरी डिस्क, आणि तीही बहुधा दुरुस्त केलेली. डेटा मिळत नाही. जुनी डिस्क परत पाठवण्याआधी ती चालत असेल तर एकदा शून्यांनी पूर्ण भरून काढा, फिरत्या डिस्कला एवढं पुरतं. चालत नसेल आणि तिच्यावर कुलूप नसेल, तर आतला खाजगी डेटा अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकतो, हे धरून पाठवायची की नाही ते ठरवा. पहिल्याच दिवशी एन्क्रिप्ट केली असेल तर हा प्रश्न येत नाही. मी पाच वर्षांनंतर डिस्क मुख्य कामातून काढतो. तिच्यावर शेवटची पूर्ण प्रत घेतो, पाठीवर तारीख लिहितो आणि ती तिसरी जादा प्रत म्हणून कपाटात ठेवतो.